जलाशयाचा काठ : खुला आणि सुरक्षित

रविवारी दुपारनंतर पुण्याहून पानशेतकडे जाणाऱ्या रस्त्याने निघाले आणि खडकवासला धरणाची भिंत मागे पडली, की उजव्या हाताला पाण्याचा मोठा विस्तार दिसू लागतो. पलीकडच्या काठावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा हिरवागार परिसर, डावीकडे सिंहगडाची रांग आणि रस्त्याच्या कडेला भाजलेली कणसे, कांदाभजी व भेळ यांच्या गाड्या. लोकांनी या काठाला ‘चौपाटी’ हे नाव देऊन टाकले आहे. कचेरीतील कर्मचारी, कारखान्यातील कामगार, वसतिगृहातील विद्यार्थी, नातवंडांना घेऊन आलेले आजी-आजोबा असे सर्व थरांतील लोक येथे येतात. तिकीट नाही, दूरचा प्रवास नाही, खर्च बेताचा. सामान्य माणसाच्या विरंगुळ्याची यापेक्षा सोपी जागा शहराजवळ क्वचितच आढळेल.

याच जलाशयाच्या काठी, गोऱ्हे खुर्द गावाजवळ, मे २०२३ मध्ये नऊ मुली पाण्यात उतरल्या आणि बुडू लागल्या. काठावर असलेल्या गावकऱ्यांनी धाव घेऊन सात जणींना बाहेर काढले. दोघींचे प्राण मात्र वाचू शकले नाहीत. अशी बातमी आली की काही दिवस हळहळ व्यक्त होते, एखादा नवा फलक लागतो आणि पुढच्या रविवारी काठ पुन्हा गजबजून जातो. लोक पाण्याकडे येणारच, हे गृहीत धरून काठाची व्यवस्था कशी करावी, हा प्रश्न केवळ खडकवासल्यापुरता नाही. राज्यातील मोठी धरणे, पाझर तलाव आणि गावतळी यांच्या काठी राहणाऱ्या प्रत्येक गावाचा तो प्रश्न आहे.

एका पाण्याचे अनेक धनी

मुठा नदीवरील खडकवासला धरण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधले गेले. ते बांधणारे अभियंता फाईफ यांच्या नावावरून जलाशयाला पूर्वी ‘लेक फाईफ’ असे म्हणत. पुढे भारतरत्न म्हणून गौरविल्या गेलेल्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी आपल्या स्वयंचलित दरवाजांचा प्रयोग १९०३ साली याच धरणावर केला आणि भिंतीची उंची न वाढवता पाण्याचा साठा वाढवून दाखविला. १२ जुलै १९६१ रोजी आंबी नदीवरील बांधकामाधीन पानशेत धरण फुटले. त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फुटले व पुणे शहरात हाहाकार उडाला. त्यानंतर खडकवासला धरणाची पुनर्बांधणी झाली. आज पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला ही चार धरणे मिळून एक साखळी तयार होते. या साखळीतील सर्वांत लहान साठा खडकवासल्याचा आहे आणि वरच्या तिन्ही धरणांचे पाणी शेवटी येथेच येते.

या पाण्यावर पुणे शहराची तहान भागते आणि मुठा उजव्या कालव्यातून ते दौंड-इंदापूरच्या शेतीपर्यंत जाते. धरण आणि संपादित जमीन जलसंपदा विभागाच्या ताब्यात आहे. एका काठावर संरक्षण खात्याची प्रबोधिनी आहे. खडकवासला गाव २०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले, तर वरच्या अंगाची गोऱ्ह्यासारखी गावे ग्रामपंचायतींच्या कारभाराखाली आहेत. रस्ता एका यंत्रणेचा, बंदोबस्त दुसऱ्या यंत्रणेचा, कचरा तिसऱ्या यंत्रणेचा. पाणी एकच असले तरी त्याच्या काठाची जबाबदारी अशी वाटली गेली आहे. राज्यातील बहुतेक जलाशयांची स्थिती थोड्याफार फरकाने हीच असते. म्हणून सुरक्षिततेचा विचार करताना पहिला प्रश्न दोराचा किंवा कठड्याचा नसून, या काठावर रविवारी संध्याकाळी जबाबदार माणूस कोण, हा आहे.

वरून शांत, आतून निराळे

नदीचे वाहते पाणी पाहून माणूस सावध होतो. जलाशयाचे स्थिर पाणी पाहून तो निर्धास्त होतो. धोक्याचे मूळ येथेच आहे.

जलाशयाचा तळ हा पोहण्याच्या तलावासारखा एकसारखा उतरता नसतो. पाण्याखाली पूर्वीची शेते, दगडी ताली, विहिरी, माती-मुरूम काढलेले खड्डे आणि नदीचे मूळ पात्र जसेच्या तसे दडलेले असते. गुडघाभर पाण्यातून चालणारा माणूस एका पावलात डोक्यावर पाणी जाईल अशा ठिकाणी पोचू शकतो. शिवाय काठ स्थिर नसतो. सप्टेंबरमध्ये रस्त्यालगत असलेले पाणी मे महिन्यात बरेच मागे हटते. जानेवारीत पाहिलेली उथळ जागा जूनमध्ये उथळ राहील याची खात्री नसते. मागे हटलेल्या पाण्याने उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनीचा वरचा थर वाळून कडक दिसतो, पण पाण्याजवळ आतला गाळ ओला व मऊ राहतो. त्यात पाय रुतला की भल्या पोहणाऱ्याचाही तोल जातो.

याखेरीज कालव्याच्या आणि पाणी उपसण्याच्या विहिरींच्या तोंडाशी पाण्याची ओढ असते. ती पृष्ठभागावर फारशी जाणवत नाही. विस्तीर्ण पाण्यावर वारा सुटला की थोड्याच वेळात लाटा उठतात. पृष्ठभागाचे पाणी उन्हाने कोमट असले तरी खोलवरचे पाणी गार असते व अंगात गोळे आणते. ही सर्व माहिती काठावरच्या गावकऱ्यांना, मासेमारांना आणि गुराख्यांना तोंडपाठ असते. बाहेरून आलेल्या पाहुण्याला ती नसते आणि ती त्याच्यापर्यंत पोचविण्याची कोणतीही सोय बहुधा काठावर नसते.

माणूस बुडतो तो आवाज न करता

बुडणारा माणूस हात उंचावून ‘वाचवा, वाचवा’ असा आक्रोश करतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात तसे क्वचितच घडते. श्वास घेण्याची धडपड चालू असताना ओरडण्यासाठी श्वास उरत नाही. तोंड पाण्याच्या पातळीवर खालीवर होत राहते, हात दोन्ही बाजूंना पाणी दाबत असतात, शरीर उभे राहते आणि बहुधा एका मिनिटाच्या आत माणूस दिसेनासा होतो. जवळच उभ्या असलेल्या मित्रांना तो खेळतो आहे असे वाटते. लहान मुलाच्या बाबतीत तर हे आणखी लवकर घडते.

दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची. एकाला वाचविण्यासाठी दुसरा उडी घेतो, बुडणारा त्याला मिठी मारतो आणि दोघेही जातात. एकाच कुटुंबातील किंवा एकाच वर्गातील तीन-चार जण एकदम दगावल्याच्या बातम्यांमागे बहुधा हेच कारण असते. म्हणून मदतीचा नियम सोपा करून सर्वांना शिकविला पाहिजे : प्रथम हाक मारून माणसे जमवा, बांबू, काठी, ओढणी, धोतर किंवा साडी लांबवून द्या, दोर बांधलेली हवेची नळी अथवा रिकामा बंद डबा फेका, पण शिक्षण घेतलेले नसेल तर स्वतः पाण्यात उतरू नका.

बाहेर काढलेल्या माणसाला पालथे घालून पोट दाबणे, उलटे टांगणे किंवा चाकावर फिरविणे या जुन्या प्रथांमध्ये मोलाची मिनिटे जातात आणि इजाही होते. श्वास थांबला असेल तर माणसाला उताणे निजवून प्रथम तोंडावाटे श्वास द्यावा आणि मग छातीच्या मध्यभागी दाब देण्यास सुरुवात करावी. तीस दाब आणि दोन श्वास असा क्रम वैद्यकीय मदत येईपर्यंत चालू ठेवावा. बुडण्यात मूळ अपाय प्राणवायूच्या अभावाने झालेला असतो, म्हणून येथे श्वासाला पहिले स्थान आहे. हे कौशल्य काही तासांच्या प्रात्यक्षिकाने शिकता येते. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि आपत्कालीन मदतीसाठी ११२ हे क्रमांक काठावर ठळक लिहिलेले असावेत. त्याबरोबर त्या जागेचे नाव आणि जवळची खूणही लिहावी. घाबरलेल्या पाहुण्याला आपण नेमके कोठे आहोत हे सांगता येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ या एका वर्षात जगभर सुमारे तीन लाख माणसे बुडून मृत्यू पावली. त्यांतील दहापैकी नऊहून अधिक मृत्यू अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील होते. हे मृत्यू टाळता येण्याजोगे आहेत, याकडे लक्ष वेधण्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी २०२१ पासून २५ जुलै हा दिवस बुडण्याच्या प्रतिबंधासाठी मुक्रर केला आहे.

बंदीच्या मर्यादा

दुर्घटनेनंतर प्रशासनाला तातडीने काही करणे भाग असते आणि बंदी हा सर्वांत जलद उपाय असतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यातून एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यानंतर पुणे जिल्ह्यातील धबधबे, धरणे व अन्य पर्यटनस्थळी निर्बंध लागू करण्यात आले. ऐन पावसात, पाण्याचा जोर असताना असे निर्बंध आवश्यकच असतात. त्यांविषयी दुमत होण्याचे कारण नाही.

परंतु बाराही महिने, संपूर्ण काठावर, केवळ फलकाच्या आधारे घातलेल्या बंदीचा परिणाम वेगळा होतो. काही किलोमीटर लांबीच्या काठावर पहारा ठेवणे कोणत्याही पोलीस ठाण्याला शक्य नाही. मुख्य रस्त्यालगतची उघडी, वर्दळीची जागा बंद झाली की तरुण मंडळी झाडीतल्या पायवाटेने आडबाजूच्या काठावर जातात. तेथे त्यांना पाहणारा कोणी नसतो आणि हाक मारली तर ऐकणाराही नसतो. बंदी पाळणारे घरी राहतात, न पाळणारे अधिक धोक्याच्या जागी पोचतात. त्यातच कणसे, भजी विकणाऱ्या गावकऱ्यांचा रोजगार बुडतो आणि काठावर लक्ष ठेवणारे अनुभवी डोळेही निघून जातात.

म्हणून धोरण दुहेरी असावे. धोक्याचा काठ खरोखरच बंद करावा आणि एक निवडलेला काठ खरोखरच खुला करावा. खुला काठ चांगला असेल तरच बंद काठ बंद राहू शकतो.

निवडलेला काठ कसा असावा

जागा निवडताना अभियंता, तलाठी, पोलीस पाटील आणि गावातील दोन जुने मासेमार यांनी एकत्र पाहणी करावी. ही पाहणी उन्हाळ्यात, पाणी सर्वांत खाली असताना करणे श्रेयस्कर. त्या वेळी तळाचा उतार, खड्डे, विहिरी आणि गाळ डोळ्यांनी दिसतो. भिंत, सांडवा, कालव्याचे तोंड आणि पाणी उपसण्याच्या विहिरी यांपासून जागा पुरेशी दूर असावी.

वाहनतळ रस्त्याच्या जमिनीकडच्या बाजूला ठेवावा. पाण्याच्या बाजूला गाड्या उभ्या राहिल्या की मुले गाड्यांमधून धावत रस्ता ओलांडतात आणि अपघात पाण्याआधी रस्त्यावरच होतो. वाहनतळापासून काठापर्यंत पायवाट, तिच्या शेवटी खडबडीत दगडाच्या रुंद पायऱ्या आणि बाजूला हात धरण्यासाठी कठडा असावा. पाणी वर्षभर वरखाली होत असल्याने पायऱ्या उन्हाळ्यातील पातळीपर्यंत उतरलेल्या हव्यात, अन्यथा चार महिने उपयोगी पडणारा घाट उरलेले आठ महिने लोकांना गाळात उतरवील. शेवाळ काढण्याचे काम ठरलेल्या दिवशी व्हावे. अपंग व्यक्ती आणि वृद्ध यांच्यासाठी बारा फूट लांबीला एक फूट यापेक्षा तीव्र नसलेला उतार काठावरच्या बैठकीपर्यंत बांधावा. पाणी पाहण्याचा आनंद घेण्यासाठी पाण्यात उतरण्याची गरज नसते. सावली, बसण्याचा कट्टा आणि मोकळा वारा मिळाला तर बहुसंख्य कुटुंबे कट्ट्यावरच समाधानी असतात.

पिण्याच्या पाण्याच्या जलाशयात पोहणे, कपडे व वाहने धुणे यांना मनाई राहिलीच पाहिजे. खडकवासल्यासारख्या ठिकाणी खुला काठ म्हणजे पाहण्याचा, बसण्याचा आणि फिरण्याचा काठ. गावतळ्यात किंवा पाझर तलावात मात्र पोहण्याची परंपरा असते. तेथे तळ तपासलेला, कमरेइतक्या पाण्याचा पट्टा तरंगत्या डब्यांच्या दोरीने आखून द्यावा आणि खोली दाखविणारे रंगीत खांब रोवावेत. दोन्ही प्रकारच्या ठिकाणी दोर बांधलेल्या हवेच्या नळ्या आणि लांब बांबू उघड्यावर, कुलपाशिवाय, सहज हाती येतील असे टांगलेले असावेत. त्यांची चोरी होईल ही भीती रास्त आहे. पण नळी परत आणण्याचा खर्च माणूस गमावण्याच्या तुलनेत नगण्य आहे.

स्वच्छतागृहे जलाशयाच्या उताराबाहेर, सांडपाणी पाण्याकडे जाणार नाही अशा जागी बांधावीत. स्त्रियांसाठी स्वतंत्र सोय नसेल तर त्या आडोसा शोधत निर्जन काठाकडे जातात. म्हणून स्वच्छतागृह हा सुरक्षिततेचाही भाग आहे. दिवेलागणीनंतर काठ बंद करण्याची वेळ निश्चित असावी आणि ती भोंग्याने कळवावी.

फलकांविषयी थोडे. ‘धोका’ हा एकच शब्द लिहिलेला फलक रोज पाहून डोळ्यांना दिसेनासा होतो. ‘येथून चार पावलांवर जुनी विहीर आहे’ असे नेमके वाक्य माणसाला थांबविते. जो धोका त्या जागी आहे, तोच तेथे लिहावा आणि अक्षरओळख नसलेल्यांसाठी चित्रही काढावे.

भिंतीच्या खालचा काठ

जलाशयाच्या वरच्या काठाइतकेच लक्ष धरणाखालच्या नदीपात्राकडे देणे अगत्याचे आहे. खडकवासल्याचा साठा लहान असल्याने मुसळधार पावसात तो लवकर भरतो आणि विसर्ग झपाट्याने वाढवावा लागतो. २५ जुलै २०२४ रोजी पहाटे हा विसर्ग सुमारे ३५ हजार क्युसेकपर्यंत नेण्यात आला आणि सिंहगड रस्ता परिसरातील वस्त्यांमध्ये पाणी शिरले. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. म्हणजेच त्या वेळी दर सेकंदाला जवळजवळ दहा लाख लिटर पाणी नदीत येत होते. ‘क्युसेक’ या शब्दाने सामान्य माणसाला यातले काहीच कळत नाही. ‘अमुक पुलाला पाणी लागेल’, ‘अमुक घाटाची पाचवी पायरी बुडेल’ असे सांगितले तर तो ताबडतोब जागा सोडतो. म्हणून विसर्गाची सूचना देताना आकड्याबरोबर स्थानिक खूण द्यावी. धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ नुसार धरणाच्या मालक यंत्रणेने आपत्कालीन कृती आराखडा तयार करणे बंधनकारक आहे. त्या आराखड्यातील आपल्या गावापुरता भाग ग्रामपंचायतीने मागून घ्यावा, ग्रामसभेत वाचावा आणि भोंग्याचा अर्थ शाळकरी मुलांपर्यंत पोचवावा.

होडी आणि प्रवासी

जलाशयावरील होडी ही काही गावांत करमणूक असते, तर काही गावांत रोजची वाट. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा मृत्यू झाला. धरणाने ज्या गावांमधली वाट पाण्याखाली गेली, त्या गावांना होडीवाचून गत्यंतर नसते. त्यांच्यासाठी सुरक्षित काठ याचा अर्थ सुरक्षित धक्का, प्रवासीसंख्येची होडीवर रंगविलेली मर्यादा, प्रत्येक प्रवाशाच्या अंगावर तरंगते जाकीट आणि वारा सुटला की होडी न सोडण्याचा अधिकार असलेला नावाडी. जाकिटे होडीच्या तळाशी ढीग करून ठेवण्यासाठी नसतात. प्रवासी जाकीट घालेपर्यंत वल्हे उचलू नये, हा एकच नियम काटेकोरपणे पाळला तरी बरेच साधेल.

कोणी काय करावे

ग्रामपंचायतीने काठाची एक समिती नेमावी. तीत सरपंच, पोलीस पाटील, जलसंपदा विभागाचा शाखा अभियंता, मच्छिमार सहकारी संस्थेचा प्रतिनिधी, मुख्याध्यापक आणि महिला बचत गटाच्या दोन सदस्या असाव्यात. गर्दीच्या दिवसांपुरते मानधनावर जीवरक्षक नेमावेत आणि या कामासाठी पोहणाऱ्या मासेमार तरुणांना व प्रकल्पग्रस्त कुटुंबांना प्राधान्य द्यावे. ज्यांच्या जमिनी या पाण्याखाली गेल्या, त्यांना त्या पाण्याच्या काठावर सन्मानाचे काम मिळणे न्यायाचेही आहे. वाहनतळाच्या शुल्कातून त्यांचे मानधन आणि साफसफाईचा खर्च निघावा यासाठी जलसंपदा विभागाशी लेखी समझोता करावा. कायम बांधकामासाठी जिल्हा नियोजन समितीकडे प्रस्ताव पाठविता येतो.

अधिकाऱ्यांनी प्रत्येक जलाशयासाठी एका पानाचे जबाबदारीपत्रक तयार करावे. दोर कोण बदलणार, शेवाळ कोण काढणार, भोंगा कोण वाजविणार, सायंकाळी काठ कोण रिकामा करणार, हे पदनामासह त्यात लिहिलेले असावे. घडलेल्या प्रत्येक दुर्घटनेची आणि थोडक्यात टळलेल्या प्रसंगाचीही जागा, वेळ व कारण यांसह नोंद ठेवावी. दोन वर्षांच्या नोंदी समोर मांडल्या की कठडा नेमका कोठे हवा, हे नकाशाच सांगतो.

शिक्षकांचे काम सर्वांत दूरगामी आहे. उन्हाळ्याची सुटी लागण्यापूर्वी एक तास पाण्यासाठी द्यावा. आपल्या गावच्या तळ्याचा तळ, धोक्याच्या जागा, बुडणाऱ्याची लक्षणे, दोर फेकण्याचा सराव आणि श्वास देण्याचे प्रात्यक्षिक एवढे त्यात बसते. जेथे सुरक्षित पाणी व शिकविणारा माणूस आहे, तेथे मुला-मुलींना पोहणेही शिकवावे. मुलींना पोहण्यापासून दूर ठेवण्याची रीत अनेक घरांत अजून आहे, आणि पाणी मात्र मुलगा-मुलगी असा भेद करीत नाही.

गोऱ्ह्याच्या काठावर त्या दिवशी सात जीव वाचले, ते काठावर माणसे होती म्हणून. ती योगायोगाने तेथे होती. त्यांच्या हाती दोर असता, पाण्यापूर्वी दहा पावलांवर नेमकी सूचना असती आणि बसायला बांधलेला घाट असता, तर त्या नऊही मुली संध्याकाळी घरी परतण्याची शक्यता कितीतरी वाढली असती. जलाशय बांधताना राज्याने हजारो कुटुंबांची जमीन आणि कोट्यवधी रुपये खर्च केले आहेत. त्या पाण्याच्या काठी सामान्य माणसाला निर्धास्तपणे बसता यावे, यासाठी लागणारा खर्च त्या मानाने फारच थोडा आहे. येत्या उन्हाळ्यात पाणी खाली जाईल, तळ उघडा पडेल. पाहणीला निघण्याची वेळ तीच आहे.